सर्वांगाची वेदना आणि मणक्याचा उपचार

(सुरत येथील मराठी भाषिक कामगार, शिक्षक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गाने खानदेशातील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस आणली. नंदुरबार, शहादा, शिरपूर, अमळनेर, चोपडा या भागांतून आलेली ही माणसे लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांतून राहतात, घरात अहिराणी बोलतात, मुलांना महानगरपालिकेच्या मराठी शाळेत घालतात. त्यांच्यापैकी कोणी यंत्रमागावर आहे, कोणी रंगाई-छपाईच्या गिरणीत, तर कोणी हिऱ्याच्या घंटीवर. यंत्रमागावरचा कामगार पुष्कळदा बारा तासांची पाळी उभ्याने काढतो. हिऱ्याच्या कारखान्यात एका घंटीभोवती चौघे जण मान खाली घालून दिवसभर बसतात. घरातील स्त्रिया साडीला खडे चिकटवतात, लेस लावतात, लोंबते धागे कापतात. मजुरी नगावर मिळते, त्यामुळे उठून पाय मोकळे करण्याचा वेळही हिशेबात धरावा लागतो.

अशा ठिकाणी अंग दुखण्याचे कोणास नवल वाटत नाही. बहुतेक दुखणी विश्रांतीने, शेकाने, बसण्याची पद्धत बदलल्याने उतरतात. परंतु काही दुखणी उतरत नाहीत. या भाषणाचा विषय त्यांतील एक आहे, आणि त्या दुखण्यावर जो उपचार अलीकडे मोठ्या आशेने केला जातो त्याचा विचार त्याबरोबरच करावयाचा आहे.

पस्तीस-चाळीस वर्षांची एखादी गृहिणी डोळ्यांसमोर आणावी. प्रथम तिची मान दुखू लागते, मग खांदे, नंतर कंबर, मांड्या, पोटऱ्या. काही महिन्यांत दुखत नाही असा अवयव उरत नाही. रात्री झोप लागते, पण सकाळी उठताना अंग आदल्या रात्रीपेक्षा अधिक मोडून आलेले असते. कोणी सहज दंडाला धरले तरी कळ येते. गॅसवर दूध ठेवल्याचे लक्षात राहत नाही. रक्त तपासले तर दोष नाही, सूज नाही, ताप नाही. छायाचित्र काढले तर डॉक्टर म्हणतात, विशेष काही नाही. नाहीतर ‘मणक्यात थोडी गॅप आहे’ असे एक वाक्य तिच्या पदरात पडते. मणक्यांमधील अशी झीज वयाबरोबर येते आणि ज्यांना काडीचेही दुखणे नाही अशा पुष्कळांच्या छायाचित्रातही ती दिसते, हे मात्र तिला कोणी सांगत नाही. घरात कुजबुज सुरू होते की, कामाच्या वेळी बरे दुखते. येथून पुढे त्या बाईस दोन दुखणी सोसावी लागतात, एक अंगाचे आणि दुसरे अविश्वासाचे.

‘गॅप’ हा शब्द कानी पडला की मणका बसवून देणाऱ्याचा शोध सुरू होतो. आखाजीला माहेरी गेल्यावर गावच्या हाडवैद्याकडे नेले जाते. शहरात आता ‘कायरोप्रॅक्टिक’ या नावाने उपचार करणारेही आहेत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर तर मान पिरगाळताच कडकन् आवाज होतो आणि रुग्ण हसत उठतो, अशी दृश्ये दिवसभर फिरत असतात. ती पाहून एखाद्यास मोह झाला तर त्याला दोष देता येणार नाही.

मणका दाबून किंवा ओढून दुखणे घालविण्याची कल्पना आपल्याकडेही जुनी आहे. कमरेत उसण भरली की गावात पायाळू माणूस शोधावयाचा, म्हणजे जन्मतः पायांकडून बाहेर आलेला, आणि त्याच्याकडून कमरेला पाय लावून घ्यावयाचा, ही पद्धत अनेकांच्या पाहण्यातील आहे. उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते आणि श्रेय पायाळूला मिळते. नुसता पाय लागला तर कोणाचे काही बिघडत नाही, म्हणून त्याविषयी अधिक बोलण्याचे कारण नाही. हाडवैद्यांपैकी काहींच्या हाताला निखळलेला सांधा बसविण्याचा सराव असतो, हेही मान्य करावयास हवे. परंतु निखळलेला खांदा ही एक गोष्ट आणि सर्वांगाची जुनाट वेदना ही अगदी वेगळी गोष्ट.

कायरोप्रॅक्टिकचा उगम अमेरिकेतील आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट या गावी झाला. तेथे डॅनियल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय शक्तीने उपचार करीत असत. १८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या, इमारतीची देखभाल करणाऱ्या एका कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्यामुळे त्याचे गेलेले ऐकू येणे परत आले, असा त्यांचा दावा होता. या एका घटनेवरून पामर यांनी सिद्धान्त मांडला की मणका जागेवरून किंचित सरकतो, त्यामुळे मज्जातंतू दबतो आणि रोग होतो. शंभरांपैकी पंच्याण्णव रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यात आहे. ग्रीक भाषेतील ‘हात’ आणि ‘क्रिया’ या अर्थांच्या दोन शब्दांवरून या पद्धतीस नाव मिळाले. गंमत अशी की ऐकण्याचा मज्जातंतू पाठीच्या कण्यातून जातच नाही. तो मेंदूतून थेट कानाकडे जातो. पाठ दाबून बहिरेपण कसे जावे, याचे समाधानकारक उत्तर त्या काळीही नव्हते व आजही नाही.

असे असले तरी या पद्धतीची वाढ झाली. १९७४ साली लुइझियाना राज्याने मान्यता दिल्यानंतर अमेरिकेतील सर्व राज्यांत कायरोप्रॅक्टर परवान्याने व्यवसाय करू लागले. त्यांच्यातील अनेकांनी पामर यांचा मूळ सिद्धान्त सोडून दिला असून ते कंबरदुखी-मानदुखीपुरतेच काम करतात. भारतात मात्र या व्यवसायाची नोंदणी करणारी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. दारावर पाटी लावणाऱ्याने कोठे आणि किती शिक्षण घेतले आहे हे रुग्णाला पडताळून पाहता येत नाही, ही त्यातील व्यावहारिक अडचण आहे.

आता त्या आवाजाविषयी. कडकन् आवाज झाला म्हणजे सरकलेले हाड जागेवर बसले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. सांध्यात तेलासारखा दाट द्रव असतो. सांधा झटक्याने ताणला की आतील दाब एकदम उतरतो, त्या द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. कॅनडातील संशोधकांनी २०१५ साली बोटाचा सांधा ओढला जात असताना चुंबकीय चित्रणाने ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली. आपल्याकडे आजी नातवाची दृष्ट काढताना कानशिलांवर बोटे मोडते. त्या आवाजाने आजीच्या बोटांची हाडे जागेवर बसली असे कोणी म्हणत नाही. अमेरिकेतील एका डॉक्टरने तर पन्नास वर्षे केवळ डाव्या हाताची बोटे मोडली आणि उजव्या हाताची मोडली नाहीत. शेवटी दोन्ही हात सारखेच निघाले. त्या आवाजाने अपाय झाला नाही आणि लाभही झाला नाही.

मग त्या गृहिणीच्या अंगात बिघाड आहे तरी कोठे?

तिच्या आजाराचे वैद्यकीय नाव फायब्रोमायाल्जिया. १९०४ साली इंग्लंडचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी अशा वेदनेस स्नायूंतील तंतूंचा दाह समजून एक नाव दिले होते. पुढे तपासणीत दाह सापडेना. तेव्हा १९७६ मध्ये ते नाव बदलून तंतू, स्नायू आणि वेदना एवढेच सांगणारे सध्याचे नाव आले. १९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे निकष ठरविले. शरीराच्या दोन्ही बाजूंस, कमरेच्या वर व खाली, किमान तीन महिने वेदना असावी, आणि ठरावीक अठरा ठिकाणी दाबले असता अकरा ठिकाणी तरी दुखावे, असे ते निकष होते. २०१० नंतर दाबून पाहण्याची अट गेली. आता किती भागांत दुखते याबरोबरच थकवा, ताजेतवाने न करणारी झोप आणि विसराळूपणा यांचाही हिशेब केला जातो. हा आजार पुरुषांनाही होतो, परंतु स्त्रियांत अधिक आढळतो.

२००२ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने या दुखण्यावर बराच प्रकाश पाडला. सोळा रुग्ण आणि सोळा निरोगी व्यक्ती यांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देण्यात आला आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण करण्यात आले. निरोगी माणसास जो दाब क्षुल्लक वाटला, त्याच दाबाने रुग्णाच्या मेंदूतील वेदनेशी संबंधित भाग जागे झाले. निरोगी माणसाच्या मेंदूत तशीच हालचाल दिसण्यासाठी दाब पुष्कळ वाढवावा लागला. म्हणजे ही बाई सोंग करीत नव्हती. तिच्या मेंदूपर्यंत वेदना खरोखरीच पोचत होती.

यंत्रमागावर काम करणाऱ्यास हे चटकन् समजेल. बाण्याचा धागा तुटला की माग थांबविणारा एक काटा असतो. तो काटा जरुरीपेक्षा नाजूक झाला तर धागा शाबूत असतानाही माग पुन्हा पुन्हा थांबतो. अशा वेळी मागाची चौकट ठोकून उपयोग नाही. जॉबर तो काटा पाहतो. फायब्रोमायाल्जियात स्नायू आणि मणके शाबूत असतात. धोक्याची सूचना देणारी मज्जासंस्था मात्र अतिशय हळवी झालेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची जी अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तीत या आजारास दीर्घकालीन सर्वदूर वेदनेच्या गटात स्थान आहे. रजेचे अर्ज आणि वैद्यकीय प्रमाणपत्रे ज्यांच्या मेजावरून जातात, अशा अधिकाऱ्यांनी ही नोंद ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आपल्या खेड्यांत अशा दुखण्यांचे प्रमाण किती, हाही प्रश्न विचारला जातो. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी सुरू केली. तीत ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे सुमारे १८ टक्के लोकांना, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे आढळले. ज्याला आपण सरसकट ‘संधिवात’ म्हणतो तो सूज आणणारा आमवात त्यांतील फार थोड्यांना होता. गुडघे आणि कंबर यांचे दुखणे मोठ्या प्रमाणावर होते. सांध्याभोवतीच्या मऊ भागांचे दुखणेही कमी नव्हते. दुखणे हे केवळ शहरी, आरामखुर्चीत बसणाऱ्यांचे असते, ही समजूत त्या पाहणीने खोटी ठरविली.

मणका सरकलेलाच नसेल तर तो बसविण्याने काय साधणार, हा तर्क झाला. पण वैद्यकात तर्कापेक्षा अनुभवाची मोजणी मोठी, आणि ती मोजणी झालेली आहे. साध्या कंबरदुखीत मणक्याच्या हस्तोपचाराने थोडाफार आराम मिळतो. २०१९ साली ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता हा आराम व्यायामासारख्या इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच असल्याचे दिसले. फायब्रोमायाल्जियाच्या बाबतीत मात्र चाचण्याच अगदी मोजक्या आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात निकषांत बसणाऱ्या चाचण्या तीनच मिळाल्या, त्यांचा दर्जाही सुमार होता, आणि त्यांवरून उपचार गुणकारी असल्याचे म्हणता येईना. २०१५ साली इजिप्तमधील १२० रुग्णांच्या एका चाचणीचा निष्कर्ष अनुकूल आला. त्यात मानेच्या वरच्या भागावर हस्तोपचार झालेल्यांना अधिक लाभ झाला, परंतु दोन्ही गटांतील रुग्णांना व्यायाम, समुपदेशन आणि आजाराची माहितीही दिली जात होती. अशा एकाच चाचणीच्या आधारावर सर्वांना मान पिरगाळून घेण्याचा सल्ला देता येत नाही.

युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सर्व उपलब्ध पुरावा तपासून या आजारासाठी शिफारशी केल्या. तीत ज्या एकाच उपचाराच्या बाजूने ठाम शिफारस झाली तो उपचार म्हणजे व्यायाम. कायरोप्रॅक्टिकच्या विरुद्ध मात्र ठाम मत देण्यात आले आणि त्याचे कारण सुरक्षितता हे होते.

सुरक्षिततेचा मुद्दा जरा विस्ताराने पाहावयास हवा. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंस छिद्रे असतात आणि त्यांतून मेंदूच्या मागील भागास रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. मान झटक्याने पिरगाळली असता धमनीचे अस्तर फाटून तेथे गुठळी झाल्याची आणि त्यातून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. असे क्वचित घडते, हे खरे. पण ज्या उपचाराचा लाभ सिद्ध नाही त्यासाठी क्वचित घडणारा पक्षाघातही पत्करण्याचे कारण काय? चाळिशीतील बाईला अर्धांगवायू झाला तर त्या घराची घडी विस्कटून जाते.

आपल्या भागात याहूनही मोठा धोका आहे, आणि त्याची चर्चा परदेशी ग्रंथांत फारशी सापडणार नाही. आपल्याकडे ‘अंग दुखते’ या दोन शब्दांमागे अनेक निराळे रोग दडलेले असतात. पाठीच्या कण्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर झटका दिला तर तो खचून मज्जारज्जूवर दाब येऊ शकतो आणि चालते-बोलते माणूस पायांतून जाऊ शकते. वास्तविक हा क्षय औषधाने बरा होतो आणि ती औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात. दुसरा रोग सिकलसेलचा. नंदुरबार, धुळे आणि दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात तो आनुवंशिकतेने आढळतो आणि त्यात हाडांत व सांध्यांत तीव्र कळा येतात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात त्याची तपासणी केली जाते. नवापूर स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे हे प्रवाशांस मोठे कौतुकाचे वाटते. रोगाला मात्र ती सीमा ठाऊक नाही. याखेरीज उन्हात न जाणाऱ्या स्त्रियांत ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाने हाडे ठुसठुसतात, थायरॉइडचा स्राव मंदावला तर अंग जड होऊन दुखते, रक्त कमी असेल तर थकवा येतो. २००६ साली महाराष्ट्र-गुजरातेत चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. त्या तापानंतर महिनोन्महिने सांधे धरून बसलेली माणसे अनेकांना आठवत असतील. यांपैकी प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे आणि एकाचाही उपचार मान पिरगाळणे हा नाही.

म्हणून पहिले पाऊल तपासणीचे. सुरतेत मजुरा गेटचे नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि लिंबायतहून जवळ असलेले महानगरपालिकेचे स्मीमेर रुग्णालय येथे ही सोय आहे. गावाकडे धुळे, जळगाव व नंदुरबार येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. रक्त, थायरॉइड, साखर, सिकलसेल अशा मोजक्या तपासण्यांनी बरेचसे चित्र स्पष्ट होते. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, रात्री झोपेतून उठविणारी कळ असेल, पायांत बळ नसेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा वेळी तेल चोळणाराही नको आणि मणका बसविणाराही नको.

तपासणीअंती फायब्रोमायाल्जिया ठरला तर डॉक्टर ते स्पष्ट सांगतात, आणि अनेक रुग्णांना त्या सांगण्यानेच निम्मा आधार मिळतो. हा आजार जिवावर उठत नाही, सांधे वाकडे करीत नाही, पांगळे करीत नाही. त्याला मुळापासून उपटून टाकणारे औषध मात्र अद्याप नाही. ‘तीन बैठकांत कायमची सुटका’ अशी हमी देणारा मनुष्य कोणत्याही पद्धतीचा असो, त्याला नमस्कार करून परत फिरावे. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यात फारसा उपयोग होत नाही. महिनोन्महिने घेतल्यास जठर आणि मूत्रपिंडे मात्र बिघडतात. स्टेरॉइडची इंजेक्शने, किंवा काय मिसळले आहे ते न सांगता दिलेल्या पुड्या, या तर टाळावयाच्याच. डॉक्टर कधी अमिट्रिप्टिलीनसारखे औषध रात्री अल्प मात्रेत देतात. ते मूळचे उदासीनतेवरील औषध असल्याने कोणीतरी वेष्टनावरचा मजकूर वाचून ‘ही वेड्याची गोळी आहे’ असे घरात जाहीर करतो आणि ती गोळी केराच्या टोपलीत जाते. अल्प मात्रेत ती झोप सुधारते आणि हळव्या झालेल्या मज्जासंस्थेस शांत करते, एवढाच तिचा येथे उपयोग आहे.

मुख्य उपचार व्यायामाचा, आणि तोच सर्वांत अप्रिय. जिचे अंग दुखते तिला चालावयास सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे, असे घरच्यांस वाटते. प्रारंभी दुखणे किंचित वाढते, हेही खरे. बहुतेक जणी याच टप्प्यावर सोडून देतात. म्हणून सुरुवात अगदी थोडक्याने करावी. पहिल्या आठवड्यात रोज पाच मिनिटे, पुढच्या आठवड्यात सात, मग नऊ, असे करीत दोन-तीन महिन्यांत अर्ध्या तासावर यावे. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून चार कोस चालू नये आणि वाईट वाटले म्हणून घरी बसू नये. लिंबायतच्या अरुंद गल्ल्यांत फिरणार कोठे, अशी अडचण सांगितली जाते. मुलास शाळेत पोचविण्याची फेरी पायी केली, संध्याकाळी गच्चीवर किंवा महानगरपालिकेच्या बागेत दहा चकरा मारल्या, तरी भागते. चीनमधील ताई ची या संथ हालचालींच्या व्यायामाचा २०१८ साली २२६ रुग्णांवर अभ्यास झाला. त्यात तो चालण्या-धावण्यासारख्या व्यायामाइतकाच, किंबहुना काही बाबतींत अधिक, उपयुक्त ठरला. आपली योगासनेही संथपणे, श्वासाकडे लक्ष देऊन केली तर त्याच जातीची आहेत.

हातांनी उपचार करून घेण्याची ज्यांना आस आहे त्यांनी भौतिकोपचार विभागात जावे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली या विषयाची शाळा सुरू झाली आणि तेव्हापासून हे शास्त्र देशभर पसरले. भौतिकोपचारतज्ज्ञ स्नायू सैल करतात, शेक देतात, कोणता व्यायाम किती करावयाचा ते बसून शिकवतात आणि मान झटक्याने पिरगाळीत नाहीत. मणका बसविणाऱ्याकडे जाऊन ज्यांना बरे वाटते त्यांचा अनुभवही खोटा मानण्याचे कारण नाही. तेथे कोणीतरी पाव तास त्यांचे ऐकून घेतलेले असते, दुखऱ्या अंगाला हात लावलेला असतो. शिवाय दुखणे शिगेला पोचले की माणूस उपचारास जातो आणि शिगेला पोचलेले दुखणे एरवीही उतरणीला लागणारच असते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात तो पाव तास मिळत नाही, ही उणीव शासकीय व्यवस्थेने ओळखावयास हवी.

तो वेळ कमी असतो म्हणून त्याची तयारी घरून करून जावी, आणि या कामी शिक्षकांचे मोठे साहाय्य होण्यासारखे आहे. खानदेशातून आलेली बाई अहिराणीत सांगते, समोरचा तरुण डॉक्टर गुजराती किंवा हिंदी बोलतो, आणि दोघांमध्ये उरतो तो ‘दर्द’ हा एक शब्द. मराठीत वेदनेसाठी शब्दांची वाण नाही. कळ वेगळी, ठणका वेगळा, चमक वेगळी. रग लागणे, सणक भरणे, ठुसठुसणे, आग होणे, मुंग्या येणे, पोटरीत गोळा येणे यांतील प्रत्येकाचा अर्थ डॉक्टरला निदानाकडे नेणारा आहे. मुंग्या आणि बधिरता असेल तर तो मज्जातंतूचा विचार करील, रात्रीचा ठणका असेल तर हाडाचा, सकाळी तासभर सांधे आखडत असतील तर आमवाताचा. शाळेत पालक भेटावयास येतात तेव्हा एखाद्या मातेचे दुखणे वर्षानुवर्षे चालू असल्याचे कानी आले, तर शिक्षकाने तिचे शब्द एका कागदावर लिहून घ्यावे. दुखणे कधीपासून आहे, कोठे कोठे आहे, झोप किती, सकाळी कसे वाटते, वजन घटले का, घरात कोणास क्षय किंवा सिकलसेल होता का, आणि आजवर कोणती औषधे घेतली, एवढ्या नोंदी पुरेत. त्याच शब्दांशेजारी गुजराती किंवा हिंदी अर्थ लिहावा आणि जुने कागद व छायाचित्रे एका पिशवीत बांधून द्यावीत. असा कागद घेऊन गेलेल्या बाईला डॉक्टरच्या पाच मिनिटांतही आपले म्हणणे पुरते सांगता येते.